हाय-पॉवर रॉकेट सुखरूप खाली आणताना: ड्रोग, मेन आणि मधली प्रत्येक गाठ

मोटर जळून संपते आणि रॉकेट आणखी दहा-पंधरा सेकंद नुसत्या मिळालेल्या वेगावर चढत राहतं. खाली सगळे माना वर करून उभे, कुणी बोलत नाही. मग अगदी वर पांढऱ्या धुराचा एक लहानसा पुंजका दिसतो. दीड किलोमीटर उंचीवरून 'ठप्' असा आवाज खाली पोचायला चार-साडेचार सेकंद लागतात, त्यामुळे आवाज येईपर्यंत डोळ्यांनीच कळलेलं असतं की रॉकेट उघडून पॅराशूटचा दोर सुटला आहे की नाही. मोठी मॉडेल रॉकेटं उडवण्याच्या या छंदातला मला सर्वांत जास्त धाकधुकीचा वाटणारा क्षण हाच.

एवढ्या वर्षांत जी रॉकेटं पडताना पाहिली, त्यांत पॅराशूटचं कापड दोषी निघाल्याची उदाहरणं फार थोडी. दोष बहुतेक वेळा दोन वस्तू जिथे जोडल्या जातात तिथे असतो. कुठे क्विक लिंक, म्हणजे दोर जोडायची नटाची कडी, अर्धवट आवळलेली असते, कुठे बल्कहेडमधलं, म्हणजे नळीतल्या आडव्या पडदीतलं, वायरीचं भोक बुजवलेलं नसतं, कुठे बॅटरीचं टोक सैल असतं, कुठे घडी नळीत दाबून कोंबलेली असते. म्हणून हा लेख पॅराशूटविषयी असला तरी त्यातला मोठा भाग जोडांविषयी आहे.

उदाहरणासाठी एकच रॉकेट शेवटपर्यंत धरू. व्यास १० सेंटीमीटर, लांबी १.८ मीटर, मोटर जळून गेल्यावरचं वजन ३.६ किलो, गाठायची उंची १५०० मीटर. आकडे तुमच्या रॉकेटचे घाला, हिशोब तोच राहील.

एक पॅराशूट की दोन?

सर्वांत सोपी रचना एका पॅराशूटची. मोटरमध्येच विलंबाचा मसाला असतो, तो जळून संपला की पुढची दारू पेटते आणि नोझ कोन, म्हणजे टोकाचा शंकू, व पॅराशूट बाहेर ढकललं जातं. १९५४ मध्ये अमेरिकेत ऑर्व्हिल कार्लाइल यांनी बनवलेल्या मॉडेल रॉकेटमध्ये हीच कल्पना होती आणि लहान रॉकेटांना ती आजही पुरते. पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एच किंवा आय वर्गाच्या मोटरवर, चारशे-पाचशे मीटर उडवायचं असेल तर मी हीच रचना सुचवेन. भाग जितके कमी, तितक्या चुकायच्या जागा कमी.

उंची वाढली की गणित बदलतं. आपलं रॉकेट १५०० मीटरवर मोठं पॅराशूट उघडून सेकंदाला ५.५ मीटर वेगाने उतरलं, तर खाली यायला २७३ सेकंद लागतील. वारा सेकंदाला ६ मीटरचा असेल तर तेवढ्या वेळात ते १६०० मीटरहून जास्त वाहत जाईल. आता दोन टप्पे करू. शिखरावर छोटं ड्रोग, त्यावर सेकंदाला २५ मीटर वेगाने २०० मीटर उंचीपर्यंत घसरण, तिथे मेन, म्हणजे मोठं पॅराशूट. पहिल्या टप्प्याला ५२ सेकंद, दुसऱ्याला ३६. एकूण ८८ सेकंदांत रॉकेट खाली आणि वाहणं साधारण ५३० मीटर. त्याच वाऱ्यात, त्याच मैदानावर तिप्पट फरक पडतो. ७००-८०० मीटरच्या वर जाणार असाल तर दोन टप्पे कराच.

पॅराशूटचा आकार ठरवणं

उतरणीचा वेग स्थिर झाला की रॉकेटचं वजन आणि हवेचा विरोध सारखे होतात. त्यावरून लागणारं क्षेत्रफळ असं काढायचं:

क्षेत्रफळ = (२ × वस्तुमान × ९.८१) ÷ (हवेची घनता × ड्रॅग गुणांक × वेग × वेग)

समुद्रसपाटीवर हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. ड्रॅग गुणांक आकारावर अवलंबून असतो. सपाट कापडाच्या साध्या पॅराशूटला ०.७५ धरावा, नीट शिवलेल्या घुमटाकार पॅराशूटला १.५ च्या आसपास. मधोमध आतून ओढून घेतलेल्या, वरून कंकणासारख्या दिसणाऱ्या पॅराशूटना बनवणारे त्याहूनही जास्त सांगतात. मी मात्र हिशोब १.५ वरच करतो, म्हणजे चूक झाली तर ती हळू उतरण्याच्या बाजूला होते.

आपल्या ३.६ किलोसाठी सेकंदाला ५.५ मीटर वेग हवा असेल, तर घुमटाकार पॅराशूटचा व्यास १.२७ मीटर येतो आणि सपाट पॅराशूटचा १.८ मीटर. १० सेंटीमीटरच्या नळीत हा फरक चांगलाच जाणवतो, कारण सपाट पॅराशूटच्या घडीला बरीच जास्त जागा लागते. मेनवर उतरताना ४.५ ते ६ मीटर प्रति सेकंद हा पल्ला बहुतेक रॉकेटांना मानवतो. जमीन कडक असेल किंवा फिन, म्हणजे शेपटीचे पंख, पातळ असतील तर खालच्या बाजूला राहा. मैदान समुद्रसपाटीपासून १५०० मीटर उंचीवर असेल तर हवा विरळ असल्यामुळे तेच पॅराशूट सुमारे ८ टक्के जास्त वेगाने उतरेल, हेही लक्षात असू द्या.

ड्रोगसाठी १५ ते ३० मीटर प्रति सेकंद वेग चालतो. आपल्या रॉकेटला ३० ते ४५ सेंटीमीटरचं ड्रोग पुरे, कारण दोन तुकडे होऊन आडवं लोंबकळणारं रॉकेट स्वतःही हवेला बराच विरोध करतं. ड्रोग मोठं घेण्याचा मोह टाळा. हळू उतरेल म्हणून बरं वाटतं, पण त्याने वाहणं वाढतं आणि दोन टप्पे करण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो.

घुमटाच्या टोकाला असलेल्या छिद्राबद्दल लोक नेहमी विचारतात. १७९७ मध्ये पॅरिसवर आंद्रे-जॅक गार्नेरां यांनी बलूनमधून उडी घेतली, तेव्हा त्यांच्या पॅराशूटला असं छिद्र नव्हतं आणि ते लोलकासारखे जोरजोरात झोके खात खाली आले. कोंडलेली हवा कधी एका काठाखालून, कधी दुसऱ्या काठाखालून निसटते, तेव्हा असे झोके बसतात. व्यासाच्या एक पंचमांश छिद्र ठेवलं तरी क्षेत्रफळ फक्त ४ टक्के कमी होतं आणि पॅराशूट बऱ्यापैकी स्थिर होतं.

यापुढचा हिशोब बरेच जण करत नाहीत, पण दोर आणि कड्या निवडताना तोच लागतो. मेन उघडतं त्या क्षणी रॉकेट २५ मीटर प्रति सेकंद वेगाने येत असेल, तर पॅराशूटवर सुमारे ७३० न्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलोचा ओढा येतो. आपल्या रॉकेटला तो वीस जी, म्हणजे त्याच्या वजनाच्या वीसपट, इतका झटका आहे. झटपट फुगणाऱ्या पॅराशूटमध्ये याच्या दीडपटही होऊ शकतो. आता समजा ड्रोग उघडलंच नाही आणि मेन ८० मीटर प्रति सेकंद वेगाला उघडलं. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ओढा थेट दहापट होऊन साडेसातशे किलोच्या घरात जातो. दोर, कडी, बल्कहेड यांचं बळ ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर हा दुसरा आकडा असतो.

दोर, कड्या आणि गाठी

खालपासून वरपर्यंत साखळी अशी लागते: मोटरचा भाग, पहिला दोर आणि त्यावर ड्रोग, मधला अल्टिमीटर बे (उंची मोजणारं उपकरण बसवलेला कप्पा), दुसरा दोर आणि त्यावर मेन, शेवटी नोझ कोन. प्रत्येक दोर रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाचपट ठेवा. आपल्या रॉकेटला साडेपाच ते नऊ मीटर. दोर आखूड असला की सुटे झालेले भाग भरवेगात टोकाला पोचतात आणि हिसका बसतो. लांब असला तर बराचसा वेग तोवर हवेतच ओसरलेला असतो.

केवलार आणि नायलॉन दोन्ही चालतात. केवलार आग सोसतो पण ताणत नाही. नायलॉन ताणतो, हिसका पचवतो, पण दारूच्या ज्वाळेत वितळतो. चार्जला, म्हणजे भाग सुटे करणाऱ्या दारूला, लागून असलेला मीटरभर केवलारचा आणि पुढचा भाग नायलॉनचा ही जोडी मला मनापासून आवडते. दोर बारीक, गोल नको. किमान सेंटीमीटरभर रुंद, पोकळ विणीची पट्टी घ्या. बारीक दोर ताणाखाली नळीच्या काठावर आला की पुठ्ठ्याची नळी खालपर्यंत उभी चिरत जातो. याला सगळे झिपर म्हणतात, आणि चेनसारखी उघडलेली ती नळी एकदा पाहिली की नाव का पडलं ते कळतं. नळीच्या काठावर येणाऱ्या दोराभोवती जाड कापडी टेपची गुंडाळी केली की काठ बराच वाचतो. पण झिपरचं खरं कारण चुकीची वेळ हे असतं. शिखराच्या अलीकडे किंवा पलीकडे तीन सेकंद चुकलात की रॉकेटचा वेग सेकंदाला ३० मीटर झालेला असतो.

पॅराशूट दोराच्या बरोबर मध्यावर बांधू नका. मध्यावर बांधलं तर दोन्ही भाग एकाच उंचीवर लोंबकळतात आणि खाली येईपर्यंत एकमेकांवर आपटत राहतात, रंग उडतो, फिन तुटतात. ड्रोग अल्टिमीटर बेपासून एक तृतीयांश अंतरावर बांधा, म्हणजे मोटरचा भाग खूप खाली राहतो. मेन नोझ कोनपासून एक तृतीयांशावर.

बल्कहेडला यू-बोल्ट लावा. डोळ्याचा बोल्टच वापरायचा असेल तर डोळा ठोकून किंवा वेल्ड करून बंद केलेला हवा. तार वाकवून केलेला उघडा डोळा एका जोरदार हिसक्यात सरळ होतो आणि दोर निसटतो. नट दोन्ही बाजूंनी, आणि आतल्या नटावर इपॉक्सीचा थेंब. क्विक लिंक स्टेनलेस स्टीलची, ५ किंवा ६ मिलीमीटरची घ्या. हाताने पूर्ण बंद करा आणि मग पान्याने पाव फेरा. मी प्रत्येक बंद लिंकवर एक लाल रेघ ओढतो, कडीपासून नटावर जाणारी. रेघ जुळलेली दिसली की लिंक बंद आहे. दहा हात मध्ये असतात, उजेड कमी असतो, पण ही रेघ लांबूनही दिसते.

गाठ मारली की दोराचं बळ बरंच घटतं, गाठीच्या जातीप्रमाणे तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत. शिवलेले फासे सर्वांत चांगले. ते नसतील तर आठाच्या आकड्याची दुहेरी गाठ मारा आणि टोक टेपने बांधा.

अल्टिमीटर बे

अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो. जमिनीजवळ दर साडेआठ मीटरला दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी होतो. तो कमी व्हायचा थांबून वाढू लागला की उपकरण समजतं, शिखर गाठलं, ड्रोगचा चार्ज पेटवा. पुढे खाली येताना ठरवलेल्या उंचीला मेनचा. म्हणजे या छोट्या बोर्डाला बाहेरचा खरा दाब कळणं, यावर सगळं उभं आहे.

त्यासाठी बेच्या भिंतीला भोकं लागतात. जुना आणि भरवशाचा ठोकताळा असा की १६०० घन सेंटीमीटर जागेला ६.४ मिलीमीटरचं एक भोक. आपला बे १० सेंटीमीटर व्यासाचा आणि २० सेंटीमीटर लांब, म्हणजे जवळपास तेवढाच. पण एकच भोक पाडू नका. वाऱ्याचा झोत त्या एकाच बाजूवर आला तर दाब खोटा वाचला जातो. सारख्या अंतरावर ३.२ मिलीमीटरची चार भोकं पाडली की क्षेत्रफळ तेवढंच भरतं आणि चारी बाजूंची सरासरी मिळते. काठ घासून गुळगुळीत करा. भोकांच्या वरच्या बाजूला जवळपास स्क्रूचं डोकं किंवा उड्डाणाच्या रेलवर सरकणारं बटण नको, त्याने हवेचा प्रवाह विस्कटतो.

आता बे आतून बंद करणं. इथे मी एकदा मार खाल्ला आहे. दोन टप्प्यांचं माझं तिसरं उड्डाण होतं. शिखरावर धुराचा पुंजका दिसला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दुसरा पुंजका. मेन तिथेच उघडलं आणि रॉकेट वाऱ्याबरोबर चाललं, ते शोधायला दोन तास पायपीट झाली. घरी बे उघडला तर खालच्या बल्कहेडच्या आतल्या बाजूला, वायरीच्या भोकाभोवती, पिसाऱ्यासारखी पसरलेली काळी काजळी होती. भोक वायरीपेक्षा जेमतेम मिलीमीटरभर मोठं होतं. ड्रोगच्या चार्जचा गरम वायू त्यातून आत घुसला, दाब एकदम चढला आणि अल्टिमीटरला वाटलं आपण जमिनीजवळ आलो. त्याने आपलं काम चोख केलं होतं. चूक माझी होती, पाच मिनिटांच्या पुट्टीची. तेव्हापासून वायरीचं प्रत्येक भोक मी आतून-बाहेरून बुजवतो आणि बल्कहेडच्या काठाला रबरी रिंग किंवा फोमची गादी बसवतो.

बॅटरी अशी बसवा की उड्डाणाच्या धक्क्याने ती टणक लाकडावर दाबली जाईल, क्लिपपासून सुटणार नाही. नऊ व्होल्टची घेत असाल तर बॅटरी आणि क्लिप दोन्ही नायलॉनच्या पट्टीने आवळून बांधा. दर उड्डाणाच्या दिवशी नवी बॅटरी. वायरी वळवून टेप लावून जोडू नका, स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळा आणि प्रत्येक वायर बोटाने ओढून पाहा.

दुसरा अल्टिमीटर लावायचा का? मोठ्या रॉकेटला जरूर लावा. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली या प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या तिसऱ्या पातळीला, म्हणजे एम वर्ग आणि त्यापुढे, तो लागतोच. पण त्याची बॅटरी वेगळी, स्विच वेगळा, ई-मॅच (दारू पेटवणारी विजेची काडी) वेगळी आणि चार्जही वेगळा हवा. एका बॅटरीवर दोन बोर्ड लावले तर तो जोड नावापुरता उरतो. दुसऱ्याचा शिखराचा चार्ज एक सेकंद उशिरा आणि मेनचा ३० मीटर खाली लावा, म्हणजे दोन्ही एकदम पेटून नळीत दुप्पट दाब होणार नाही.

चार्ज आणि शिअर पिन

बहुतेक जण बारीक दाण्याची काळी दारू वापरतात. ती बाळगण्याचे आणि वापरण्याचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते आधी पाहा आणि पहिले काही चार्ज अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच भरा. काम करताना डोळ्यांना चष्मा, सुती कपडे, आसपास आग किंवा मोबाईलचा चार्जर काहीही नको, आणि अल्टिमीटरचा स्विच बंद.

किती दारू? नळीत एक बार जादा दाब निर्माण करायला दर लिटर जागेला साधारण ०.४७ ग्रॅम लागते. आपल्या मेनच्या कप्प्याची लांबी ४५ सेंटीमीटर, म्हणजे जागा ३.५ लिटर, दारू १.७ ग्रॅम. त्या दाबाने १० सेंटीमीटर व्यासाच्या बल्कहेडवर ७८५ न्यूटन, सुमारे ८० किलोचा जोर येतो. इथून सुरुवात करायची आणि खरा आकडा जमिनीवरच्या चाचणीतून ठरवायचा.

या जोराला अडवायला शिअर पिन, म्हणजे नायलॉनचे बारीक स्क्रू. अडवायचं कशासाठी, असं नवख्याला वाटतं. ड्रोगचा चार्ज उडतो तेव्हा रॉकेटला हिसका बसतो आणि अर्धा किलोचा नोझ कोन तेवढ्यानेच निसटू शकतो. हिसका ५० जी धरला तर नोझ कोनचा ओढा २४५ न्यूटन. शिवाय वर जाताना नळीत जमिनीवरचीच हवा कोंडलेली असते. १५०० मीटरवर बाहेरचा दाब ८४५ हेक्टोपास्कल, आतला १०१३, या फरकाने आणखी १३० न्यूटन. दोन्ही मिळून ३७५. २-५६ मापाचा एक नायलॉन स्क्रू ढोबळमानाने १४० न्यूटनला तुटतो. असे तीन लावले की ४२० होतात: हिसक्याला टिकतील, चार्जच्या ७८५ पुढे तुटतील. कोंडलेल्या हवेसाठी त्या कप्प्याला ३ मिलीमीटरचं एक भोक पाडलंत तर ते १३० न्यूटन मोजावेच लागत नाहीत. भोक पाडा.

दारू कुठे ठेवायची? छोट्या प्लास्टिकच्या टोपीत किंवा नळीच्या तुकड्यात. ई-मॅचचं डोकं तळाशी, त्यावर दारू, उरलेल्या जागेत अग्निरोधक कापूस घट्ट दाबून भरा आणि वरून टेपचे दोन थर. दारू सैल राहिली तर अर्धी जळते आणि अर्धी उधळली जाते. सुमारे ६ किलोमीटरच्या वर हवा विरळ झाल्यावर ही अडचण फारच वाढते. तिथे बंद नळीतले चार्ज किंवा कार्बन डायऑक्साइडचे कॅप्सूल वापरतात, तो वेगळा विषय आहे.

घडी

पॅराशूट टेबलावर पसरा. दोऱ्या जिथे एकत्र येतात ते टोक कशाला तरी अडकवून ताणा आणि प्रत्येक दोरी मोकळी आहे ना, बोटांनी शेवटपर्यंत विंचरत जाऊन पाहा. पाकळ्या एकेक करून अर्ध्या उजवीकडे, अर्ध्या डावीकडे रचा. त्रिकोण होईल. तो उभा तीन पदरी दुमडा. आता त्याची टोकापासून काठापर्यंत झिगझॅग घडी, साडीच्या निऱ्यांसारखी. दोऱ्याही तशाच निऱ्या घालून घडीच्या आत ठेवा. दोऱ्या बाहेरून गच्च गुंडाळण्याची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने घडी छान दिसते, पण वर गेल्यावर पॅराशूट तसंच गुंडाळलेलं खाली येताना मी पाहिलं आहे. गुंडाळायचंच असेल तर दोन सैल वेढे पुरेत.

घडीभोवती नोमेक्सचा, म्हणजे आग सोसणाऱ्या कापडाचा, चौकोन पुडीसारखा लपेटा, पुडीचं बंद तोंड चार्जच्या बाजूला. नोमेक्स दोरावर सरकता ठेवा, म्हणजे तो पॅराशूटच्या दोऱ्यांवर चढून त्यांना आवळणार नाही. दोराच्या हातभर लांबीच्या निऱ्या करून प्रत्येक गठ्ठ्याला कागदी टेपचा एक वेढा द्या. उघडताना एकेक टेप फाटत जातो आणि प्रत्येक वेळी थोडा हिसका खाऊन टाकतो.

आता नळीत भरा: आधी दोर, मग नोमेक्सची पुडी. नळी उलटी करून हलकेच हलवा. पुडी आपल्या वजनाने घसरून बाहेर यायला हवी. बोटाने ओढावी लागली तर नळी लहान आहे किंवा पॅराशूट मोठं. चार्ज वाढवून यावर उपाय करू नका.

जमिनीवरची चाचणी

हा टप्पा गाळायचा नाही, कितीही घाई असली तरी. उड्डाणाला असेल तसंच सगळं भरा: पॅराशूट, दोर, पिन, आणि मोटरच्या जागी तेवढंच वजन. रॉकेट आडवं ठेवा, जमिनीपासून थोडं वर, पुढे-मागे मोकळी जागा. लांब वायर घेऊन बाजूला, किमान १० मीटर दूर उभे राहा. समोर किंवा मागे कुणीही नको. मोठ्याने उलटी मोजणी करा आणि पेटवा.

सगळे पिन तुटून भाग दोराच्या बऱ्याचशा लांबीपर्यंत फेकले गेले आणि पॅराशूट नोमेक्ससकट पूर्ण बाहेर आलं, तर चार्ज बरोबर. नोझ कोन निघाला पण पुडी आतच राहिली, तर ०.२ ते ०.३ ग्रॅम वाढवा आणि पुन्हा चाचणी. भाग दोराच्या टोकाला जाऊन दाणकन आदळले तर तेवढीच कमी करा. कापडावर भोकं किंवा तपकिरी डाग पडले असतील तर नोमेक्स आणि कापसाची मांडणी बदला. पास झालेला आकडा बेच्या आतल्या भिंतीवर कायमच्या मार्करने लिहून ठेवा.

अल्टिमीटरचीही परीक्षा घेता येते. बरणीत बोर्ड ठेवा, ई-मॅचऐवजी लहान दिवे जोडा, झाकणातल्या नळीने हवा ओढा आणि मग हळूहळू सोडा. ओढायचं थांबवून हवा सोडू लागताच पहिला दिवा लागला पाहिजे, दाब जमिनीच्या जवळ आला की दुसरा.

मैदानावर

क्रम ठरलेला ठेवा आणि कागदावर वाचत करा, पाठ असला तरीही. चार्ज भरताना स्विच बंद. रॉकेट रेलवर चढवून उभं करा. मोटर पेटवणारी काडी अजून लावायची नाही. पहिला अल्टिमीटर चालू, त्याच्या बीपा पूर्ण ऐका आणि दोन्ही ई-मॅच जोडलेल्या असल्याचा इशारा मिळाला का ते पाहा. मग दुसरा. दोघांनी ठीक सांगितलं की मगच मोटरची काडी. काही कारणाने उड्डाण रद्द झालं तर नेमकं उलट: आधी काडी बाहेर, मग स्विच बंद, मग रॉकेट खाली. अल्टिमीटर चालू असताना रॉकेट आडवं करू नका आणि भोकांवर हात ठेवू नका.

वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर वरच्या संस्थांची सुरक्षा संहिता उड्डाण करू देत नाही. मी स्वतः त्याच्या निम्म्यालाच थांबतो, कारण जमिनीवर असतो त्याहून वरचा वारा जोराचा असतो.

उतरल्यावर

रॉकेट सापडलं की धावत जाऊन उचलू नका. चार्ज न उडता राहिलेला असू शकतो. बाजूने जवळ जा, नळीच्या तोंडासमोर चेहरा येऊ देऊ नका, उंचीच्या बीपा मोजून घ्या आणि पहिलं काम म्हणजे स्विच बंद करा. मग दोन्ही बाजूंचे चार्ज पाहा. विजेच्या तारांवर अडकलं असेल तर ते तिथेच राहू द्या.

घरी आल्यावर काळ्या दारूची राख पाण्याने धुवा. ती ओल धरते आणि लोखंडाला रातोरात गंज आणते. क्विक लिंक उघडून, पुसून, तेलाचा थेंब. दोर बोटांतून सरकवत शेवटपर्यंत जा. जिथे तो कडक किंवा चकचकीत लागेल तिथे वितळला आहे, तो कापून बदला. पॅराशूट घडी न करता टांगून ठेवा. आणि सर्वांत शेवटी बे उघडून बल्कहेडची आतली बाजू ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं पांढरंच राहिलं पाहिजे. करडी छटा जरी आली तरी तो बल्कहेड पुन्हा बुजवल्याशिवाय पुढच्या उड्डाणाला न्यायचा नाही.